आमची वाटचाल : आधी गोळी, मग नळी

स्पर्धेच्या रायफलींना नवी नळी बसवून देणं, एवढ्याच कामावर आमचा कारखाना उभा राहिला. एक लेथ, चेंबर म्हणजे काडतूस बसायची जागा कापायचे मोजके रीमर, तिचं माप तपासायचे गेज आणि नळीच्या आत बघायचा एक बोअरस्कोप. येणाऱ्या नेमबाजांचं मागणं बहुधा एकच: "वाऱ्यात गोळी फार सरकते, लांब नळी बसवा."

लांब नळीत गोळीला वेग जास्त मिळतो हे खरंच. .308 या रायफल-काडतुसात इंचामागे साधारण 6 ते 9 मीटर प्रतिसेकंद. पण वाऱ्याशी नळीच्या लांबीचा संबंध तेवढ्यापुरताच. गोळी किती सरकणार हे तिला हवेमुळे होणाऱ्या उशिरावर ठरतं. सुटतानाचा वेग शेवटपर्यंत टिकला असता तर लागला असता तो वेळ, प्रत्यक्ष लागलेल्या वेळातून वजा करायचा आणि उरेल त्याला आडव्या वाऱ्याच्या वेगाने गुणायचं. हे गणित आम्ही फळ्यावर मांडू लागलो आणि धंद्याची दिशाच बदलली.

.308 ची 168 ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप, म्हणजे सुमारे 11 ग्रॅम) स्पर्धेची गोळी सेकंदाला 800 मीटरच्या आसपास सुटली, तर 4 मीटर प्रतिसेकंदाच्या आडव्या वाऱ्यात 300 मीटरवर ती सुमारे 20 सेंटीमीटर सरकते. नळी दोन इंच वाढवली तर त्यातला जेमतेम अर्धा सेंटीमीटर वाचतो. तोच वेग ठेवून लांब निमुळत्या नाकाची, मागे निमुळती होत गेलेली 6.5 मिलिमीटरची 140 ग्रेनची गोळी घ्या, सरक 15 च्या आसपास येते. 300 मीटरच्या लक्ष्यावर वलयं 5 सेंटीमीटरच्या अंतराने आहेत. म्हणजे एक अख्खं वलय वाचलं!

अशा लांब गोळीला पीळही, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या नळीतल्या खाचांचा वळसा, घट्ट लागतो. ग्रीनहिल या गणितज्ञाने 1879 मध्येच त्याचं सूत्र दिलंय. त्या 168 ग्रेनच्या गोळीचं 12 इंचांत एका फेऱ्यावर भागतं, 6.5 च्या या गोळीला 8 इंचांत फेरा हवा. म्हणून आता ऑर्डर घेताना आम्ही आधी गोळ्यांचा नमुना मागतो, व्हर्नियरने लांबी मोजतो, मग पीळ ठरवतो आणि थ्रोट, म्हणजे चेंबरच्या लगेच पुढचा नळीचा भाग, त्या नाकाला साजेसा कापतो. लांबीचं बोलणं शेवटी.

.22 या छोट्या काडतुसाची गोष्ट आणखी वेगळी, आणि माझ्या आवडीची. तिथे 16 ते 18 इंचांनंतर नळी वाढवून वेग वाढत नाही. वर जास्त वेगाचं काडतूस वाऱ्यात जास्त सरकतं, कारण ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा रोध एकदम चढतो. सेकंदाला 330 मीटरच्या आतबाहेरची गोळी कमी उशीर खाते. ऐकून कुणाचा विश्वास बसत नाही. मग एकाच वाऱ्यात दोन्ही काडतुसं झाडून दोन कागद शेजारी धरतो. 50 मीटरवाल्यांना लांबी हवी असते ती नेम धरायच्या पुढच्या-मागच्या दोन साइट्समधल्या अंतरासाठी. त्यांना आखूड नळी आणि पुढे जोडायचं पोकळ नळकांडं देतो. सध्या लेथवर जास्त काम त्याचंच आहे.