मे महिन्यातली इलेक्शन ड्युटी

पुणे शहराने लोकसभेला दोन वेगवेगळ्या दिवशी मतदान केलं, हे बाहेरगावच्या लोकांना सांगितलं की पटत नाही. खडकवासला विधानसभा बारामती लोकसभेत येते, त्यामुळे सिंहगड रोड, धायरी, धनकवडी या बाजूचं मतदान ७ मे २०२४ ला आणि बाकी शहराचं १३ मेला. माझी ड्युटी ७ तारखेची होती, केंद्राध्यक्ष म्हणून, सिंहगड रोडच्या बाजूच्या एका शाळेत.

त्या वर्षी एप्रिलपासूनच पुणं तापलं होतं, पारा चाळिशीच्या वर. आदल्या दिवशी साहित्य घ्यायला मांडवात बसलो तेव्हाच सगळे घामाने भिजलेले. बारामतीला ३८ उमेदवार, नोटा धरून ३९ बटणं, आणि एका बॅलेट युनिटवर मावतात १६, म्हणजे आम्हाला तीन बॅलेट युनिट, कंट्रोल युनिट, व्हीव्हीपॅट (मताची चिठ्ठी छापून दाखवणारं मशीन), पिशव्या, पाकिटं. हे सगळं पीएमपीच्या बसमधून शाळेत नेलं, बेंच सरकवून खोली लावली.

मतदानाच्या खोलीत उन्हाळ्यात काय होतं ते बाहेरून कळत नाही. मतदान गुप्त राहायला हवं म्हणून कक्षाजवळची खिडकी बंद. व्हीव्हीपॅटवर थेट उजेड पडून चालत नाही, आत सेन्सर असतो, २०१८ च्या भंडारा-गोंदिया पोटनिवडणुकीत ऐन मेमध्ये ही मशीन इतकी बिघडली की काही केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं होतं, ते आमच्या ट्रेनिंगमध्येही सांगितलं होतं. म्हणून पश्चिमेच्या खिडकीलाही उमेदवारांच्या एजंटांना विचारून वर्तमानपत्रं चिकटवली. म्हणजे उजेड नाही आणि वाराही नाही, वर पत्रे, एकच पंखा आणि तोही गरम हवाच खाली ढकलतोय.

साडेपाचला मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, एजंटांसमोर पन्नास मतं टाकून, मोजून, क्लिअर करून, चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सील. सातला सुरुवात. सकाळची गर्दी भरपूर, लोक मुद्दाम ऊन चढायच्या आत आले होते. अकरानंतर जे येतात ते बहुतेक ज्यांना सकाळी येताच आलं नाही असे, साइटवर काम करणारे, घरकाम करणाऱ्या बायका, आणि वयामुळे घरी मतदानाची सोय ८५ च्या वरच्यांनाच असल्यामुळे सत्तर-ऐंशीचे कितीतरी आजी-आजोबा. मैदानात सावलीला एक छोटा मांडव होता, रांग त्याच्या बाहेर गेली की लोक उन्हातच.

शाईचं काम आमच्या एका मॅडमकडे होतं, भोरकडच्या जिल्हा परिषद शाळेतल्या. हे काम सोपं वाटतं पण उन्हाळ्यात अवघड आहे, कारण बोट घामाने ओलं असेल तर शाई पसरते, म्हणून प्रत्येकाची तर्जनी आधी फडक्याने कोरडी करायची, मग नखापासून रेघ ओढायची, सही घ्यायची, चिठ्ठी द्यायची. मतदान एक मिनिटही थांबत नाही, जेवणाची सुट्टी नसते. दुपारी अडीचच्या सुमारास मी त्यांच्याकडे बघितलं तर शाईची काडी हातात तशीच धरलेली आणि समोरच्या आजींचा हात पकडून त्या नुसत्या बघतायत. मी "मॅडम" म्हणेपर्यंत त्या खुर्चीतून एका बाजूला कलल्या.

एजंट मुलांनी उचलून त्यांना व्हरांड्यात नेलं. बाहेर आरोग्य विभागाच्या आशाताई ओआरएस घेऊन बसलेल्या, त्या वर्षी उन्हामुळे ती सोय ठेवली होती आणि ती नसती तर काय झालं असतं याचा विचार मी आजही करतो. आशाताईंनी पहिला प्रश्न विचारला तो हा, "मॅडम, लघवीला कधी गेला होतात?" तेव्हा कळलं की त्या पहाटेपासून गेल्याच नव्हत्या आणि म्हणून पाणीच पीत नव्हत्या. बाथरूम मैदानाच्या पलीकडे, दाराला कडी नाही, आणि खुर्ची सोडली तर रांग थांबणार. आशाताई म्हणाल्या, ड्युटीवरच्या बऱ्याच बायका असंच करतात सर. एवढी वर्षं निवडणुकीचं काम करून हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शाईची बाटली मी घेतली, झोनल ऑफिसरना फोन लावला. मला वाटलं रांगेतले लोक आता चिडणार. त्या आजी मात्र म्हणाल्या, "आम्ही थांबतो रे बाळा, आधी पोरीकडं बघ." कुणीतरी स्वतःची पाण्याची बाटली आत पाठवली. अर्ध्या तासाने मॅडम उठून बसल्या, आणि घरी जा म्हणालो तरी गेल्या नाहीत.

सहाला रांगेतल्यांना टोकन वाटले, शेवटी क्लोजचं बटण दाबलं, १७ सी (मतांच्या हिशेबाचा फॉर्म) भरून एजंटांना प्रती दिल्या, साहित्य जमा करून घरी पोचायला मध्यरात्र उलटली.

मग १ जूनचा शेवटचा टप्पा. उत्तर प्रदेशात त्या एका दिवसात ३३ मतदान कर्मचारी उष्म्याने गेल्याचं तिथल्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितलं. मी ती बातमी वाचली आणि मला मॅडमचा कललेला चेहराच दिसला. नंतर तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार स्वतःच म्हणाले की निवडणूक महिनाभर आधी संपवायला हवी होती.

आणि ती संपवता येते. लोकांना वाटतं मे महिना कायद्यातच लिहिलाय. १९५१-५२ ची पहिली निवडणूक ऑक्टोबर ते फेब्रुवारी अशी झाली होती, १९९९ ची सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. २००४ ला लोकसभा मुदतीआधी विसर्जित झाली, निवडणूक एप्रिल-मेवर आली आणि तेव्हापासून दर पाच वर्षांनी तिथेच अडकलीय. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मुदत संपायच्या आधीच्या सहा महिन्यांत अधिसूचना काढता येते. आत्ताची लोकसभा जून २०२९ पर्यंत आहे, म्हणजे डिसेंबर २०२८ च्या शेवटापासून दार उघडं आहे.

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेला मला परत ड्युटी आली. तेच मॉक पोल, तीच पाकिटं, तेवढाच लांब दिवस, पण सकाळी स्वेटर घालून गेलो आणि दुपारी रांगेत कुणी बसलं नाही. बाथरूमची गोष्ट मात्र मी आता आदल्या दिवशी शाळेत पोचल्या पोचल्या बघतो, कडी, पाणी, लाइट, आणि प्रत्येकाला दोन तासांनी उठवतो, त्या वेळात खुर्ची मी सांभाळतो.

शिक्षक मित्र म्हणतात फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा, शाळा आणि माणसं कुठून आणणार? मुद्दा खरा आहे. पण मग जानेवारी घ्या ना, १९८० ची लोकसभा निवडणूक जानेवारीतच झाली होती, ३ आणि ६ तारखेला.