म्हादईचा डोंगर अजून जळतोय (मार्च २०२३)
सकाळी मेडिकलचं शटर वर केलं तर पायरीवर राख पडलेली. ५ मार्चपासून गोव्यातल्या म्हादई अभयारण्यात वणवा पेटलाय आणि इथे वाळपईत दिवसभर लोक डोळ्यांचे ड्रॉप्स, मास्क, भाजल्याचं मलम हेच मागतायत. नेव्हीचं हेलिकॉप्टर पाणी घेऊन डोंगराकडे निघालं की सगळे रस्त्यावर येऊन वर बघत उभे राहतात, पण खाली फॉरेस्टचे गार्ड आणि गावातली पोरं हिरव्या फांद्यांनी आग झोडपतायत, आग पुढे सरकू नये म्हणून सुका पाला ओढून पट्टा मोकळा करतायत, ते पण असल्या उन्हात, त्यांच्यासाठी जीव तुटतो हो. त्यात ऐन काजूचा सीझन. मावशीची बाग डोंगराला लागूनच, ती आमच्याकडे यायला तयारच नाही, म्हणते झाडं मी माझ्या हातांनी लावलीत. आता दुकान बंद करून तिच्यासाठी जेवण घेऊन निघालोय.