पाहुणे जेवायला आले की घरातल्या पोराला काय विचारता?

स्वित्झर्लंडमध्ये कोणी जेवायला बोलवायचं म्हटलं की तीन-चार आठवडे आधी तारीख ठरते, आणि तेव्हाच विचारून ठेवतात की मांस खाता का, कशाची ॲलर्जी आहे का वगैरे. ठाण्यातल्या मैत्रिणींना हे फार रुक्ष वाटतं. मला मात्र आवडतं, कारण गेल्यावर कळतं की आपल्यासाठी मुद्दाम वेगळं काहीतरी केलेलं आहे.

आम्ही राहतो विंटरथुरला, झुरिकपासून ट्रेनने वीस-पंचवीस मिनिटं. सातचं बोलावणं म्हणजे सातच. उशीर होणार असेल तर फोन करायचा, आणि लवकर तर मुळीच जायचं नाही. फुलं किंवा चॉकलेट न्यायचं. ग्लास हातात आला तरी लगेच तोंडाला लावायचा नाही, सगळ्यांशी डोळ्यात बघून, नाव घेऊन चिअर्स करायचं, मग 'एन ग्वेते' म्हटलं की जेवण सुरू. वाढताना एकदा विचारतात, तुम्ही नाही म्हणालात तर विषय संपला, आपल्यासारखा 'अहो घ्या हो अजून एक पोळी' असा आग्रह नाही. काटा-सुरी ताटात शेजारीशेजारी ठेवली की झालं जेवण. दुसऱ्या दिवशी आभाराचा मेसेज.

पण मला खरं सांगायचंय ते घरातल्या मुलांबद्दल. तिकडे पाहुणा आल्यावर घरातल्या प्रत्येकाशी वेगळा हात मिळवतो, नाव सांगतो, मग तो सोळा वर्षांचा मुलगा असो नाहीतर आजी. आणि ते मूल शेवटपर्यंत टेबलावर बसतं, मोठ्यांच्या गप्पांत असतं. नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एकांच्या घरी गेलो होतो, त्यांची मुलगी सोळाची, संध्याकाळी कामावरून आली, हो कामावरून, कारण ती एका मशीन बनवणाऱ्या कंपनीत अप्रेंटिस आहे. हात धुऊन आली आणि आम्हाला सांगत बसली की पहिले काही महिने मोठ्या मशीनला हात लावू देत नाहीत, लोखंडाचा तुकडा कानशीने घासून घासून सरळ करायचा, मग मायक्रोमीटरने मोजायचा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. आई-बाबा ऐकत होते, मध्येच तिची बाजू सावरायला किंवा 'पुढे ती इंजिनिअरिंग करणारच आहे' असं सांगायला कोणी आलं नाही.

तिकडे पंधरा-सोळाला सक्तीचं शिक्षण संपलं की साधारण दोन तृतीयांश मुलं याच वाटेला जातात. आठवड्यात एक-दोन दिवस शाळा, बाकी दिवस कंपनी, आणि पगार, थोडा असतो पण दरवर्षी वाढतो. तिचा कोर्स चार वर्षांचा आहे. आधी वेगवेगळ्या ठिकाणी काही दिवस जाऊन काम बघून येतात, मगच करार होतो, आणि मूल अठराच्या आत असेल तर करारावर पालकांचीही सही लागते. वीस वर्षांच्या आतल्यांना वर्षाला किमान पाच आठवडे सुट्टी, कायद्यानेच. आणि वाट बंद होत नाही, सोबत जादा शिक्षण घेऊन एक परीक्षा दिली की पुढे उपयोजित शास्त्रांच्या विद्यापीठात जाता येतं. यूबीएस या मोठ्या बँकेचे सीईओ झालेले सर्जिओ एर्मोत्ती यांची सुरुवातसुद्धा लुगानोच्या एका बँकेत अप्रेंटिस म्हणूनच झाली.

सगळं छानच आहे असं नाही. चौदाव्या वर्षी काय ठरवणार हो मूल? बाहेरून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना चांगली जागा मिळणं अवघड जातं हेही खरं. झुरिकमध्ये जिम्नॅशियमच्या, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेच्या, प्रवेश परीक्षेसाठी क्लासेसही जोरात चालतात, आणि त्यात आपली भारतीय मंडळी मागे नाहीत.

आता ठाण्यात आलेय, दहावीच्या निकालाचे दिवस. पाचपाखाडीत मावसबहिणीकडे जेवायला गेलो तर येणारा प्रत्येक जण तिच्या मुलाला एकच विचारतो, किती टक्के? मग सायन्स का? आणि तो बिचारा उत्तर देऊन आतल्या खोलीत. पोरगा हुशार आहे, घरातला मिक्सर, पंखा सगळं उघडून दुरुस्त करतो, त्याला आयटीआय करायचंय, पण हे पाहुण्यांसमोर बोलायचं नाही असं घरात ठरलंय. मला याचा मनापासून त्रास होतो. माझे काका वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते, म्हणजे लेथ मशीनवर काम करायचे, उत्तम कारागीर, आणि आमच्या लहानपणी कोणी विचारलं की फक्त 'कंपनीत आहेत' एवढंच सांगायचं. त्यांच्या हातच्या कामाबद्दल त्यांना एकाही पाहुण्याने कधी विचारलेलं मी ऐकलं नाही, आणि विचारलं असतं तर ते रात्रभर बोलले असते.

आपल्याकडेही शिकाऊ उमेदवारांसाठी 1961 पासून कायदा आहे, आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणजे वाट आपल्याकडेही आहे, फक्त जेवणाच्या टेबलावर तिचं नाव काढत नाहीत. पाहुणा म्हणून गेल्यावर चप्पल कुठे काढायची, रिकाम्या हाताने जायचं नाही हे आपण पाळतोच ना, मग त्या घरातल्या पोराला टक्क्यांऐवजी 'तुला काय करायला आवडतं, दाखव की' असं विचारणंही त्यातच धरूया.

त्या रात्री मी भाच्याला तेच विचारलं. तो आतून स्वतः बनवलेला एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन आला आणि मग आमच्यातच बसला, श्रीखंड वाढायलाही तोच. त्याला आयटीआयमध्ये टूल अँड डाय मेकरचा (साचे-हत्यारं बनवायचा) कोर्स करावा की मशिनिस्टचा ते ठरवायचंय. त्याने प्रश्न लिहून दिलेत, ते मी विंटरथुरच्या त्या मुलीला पाठवलेत, आणि ताईला सांगितलंय की फॉर्म भरायच्या आधी वागळे इस्टेटला आयटीआयमध्ये त्याला घेऊन जा, वर्कशॉप बघू दे. तिकडून उत्तरं आली की पुढच्या पोस्टमध्ये टाकते, तुमच्या घरात कोणी दहावीचं असेल तर त्याचेही प्रश्न पाठवा.