आमची वाटचाल : लसीकरण कार्डाच्या मागच्या पानापासून

प्राण्यांच्या दवाखान्यांना त्यांच्या गिऱ्हाइकांसाठी मजकूर लिहून देणं हा आमचा धंदा. आमचा पहिला लेख गोचिडांवर होता आणि तो कोणीही वाचला नाही. अगदी खरं सांगायचं तर चौघांनी वाचला. एक मी, एक आमच्या डॉक्टर, म्हणजे माझ्या भागीदार पशुवैद्य बाई, आणि उरलेले दोघे ज्या दवाखान्यासाठी लिहिला तिथलेच. लेख वाईट नव्हता. गोचिडांच्या जीवनचक्राच्या चारही अवस्था त्यात ओळीने होत्या, आकृतीसकट. पण ज्याच्या कुत्र्याच्या कानात आत्ता गोचीड दिसलीय त्याला अवस्था नको असतात, ती काढायची कशी हे हवं असतं. ते आम्ही शेवटच्या परिच्छेदात सांगितलं होतं.

धंद्याची सुरुवात मात्र याच्याही आधीची. माझं छपाईचं काम होतं: लेटरहेड, पावतीपुस्तकं, व्हिजिटिंग कार्डं. एक पशुवैद्य बाई लसीकरणाची कार्डं छापून घ्यायला आल्या. पुढे प्राण्याचं नाव, जात, जन्मतारीख. आत लशींचे रकाने. मागचं पान कोरं. मी सवयीने विचारलं, "मागे काय टाकू?" त्या म्हणाल्या, "पत्ता टाका मोठ्या अक्षरात." मग निघता निघता थांबल्या. "नाहीतर असं करा, पिल्लाला तीच लस परत परत का द्यावी लागते ते लिहा. दिवसभर तेच सांगून घसा बसतो माझा."

त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं ते मी एका जुन्या बिलाच्या पाठीवर उतरवून घेतलं. आईच्या पहिल्या दुधातून, म्हणजे चिकातून, पिल्लाला प्रतिपिंडं मिळतात. ती पिल्लाला सांभाळतात, पण लशीलाही काम करू देत नाहीत. ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून ६ ते ८ आठवड्यांच्या वयात सुरुवात करून दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू निदान १६ आठवड्यांचं होईपर्यंत लस देत राहायची. "दार कधी उघडेल ठाऊक नाही, म्हणून पुन्हा पुन्हा कडी वाजवायची," त्या म्हणाल्या. ते वाक्य मी जसंच्या तसं छापलं. काही आठवड्यांनी त्यांच्या ओळखीच्या दुसऱ्या डॉक्टरांचा फोन आला, "ते कडीवालं कार्ड आम्हालाही हवंय." ही आमची पहिली जाहिरात, आणि ती आम्ही केलेली नव्हती.

पुढे त्या पशुवैद्य बाईंच्या पाठीने दगा दिला. मोठी कुत्री टेबलावर चढवून चढवून मणक्याचं दुखणं लागलं आणि प्रॅक्टिस थांबवावी लागली. तेव्हा आम्ही भागीदारी केली. लिहिणं, मांडणी, गिऱ्हाईक सांभाळणं माझ्याकडे. एकूणएक ओळ तपासणं त्यांच्याकडे. इतकी वर्षं झाली तरी मी त्यांना डॉक्टर म्हणतो आणि दोघांचं अहो-जाहो सुटलेलं नाही.

कल्पना सोपी होती. मोठ्या साखळी दवाखान्यांकडे स्वतःचा जाहिरात विभाग असतो. एकट्या डॉक्टरकडे शस्त्रक्रिया आणि ओपीडीच्या मधला वेळ असतो, आणि त्यात त्याला जेवायचंही असतं. त्याला आयता मजकूर दिला, महिन्याच्या महिन्याला, तर तो घेईल. घेतला. आम्ही वर्षाचं वेळापत्रकच बनवलं. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी जागतिक पशुवैद्यक दिन. ६ जुलैला प्राण्यांकडून माणसांकडे येणाऱ्या आजारांचा दिवस, कारण १८८५ साली त्याच तारखेला पाश्चरने जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या पोराला रेबीजची लस टोचायला सुरुवात केली. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन, ती पाश्चरची पुण्यतिथी. प्रत्येक दिवसाची पोस्ट तयार, प्रत्येकावर दवाखान्याचं बोधचिन्ह चिकटवून. सगळ्यांना सारखीच.

व्हायचं तेच झालं. एका श्वानप्रेमींच्या ग्रुपवर कोणीतरी दोन दवाखान्यांच्या पोस्ट शेजारी शेजारी टाकल्या. तोच मजकूर, तोच सोनेरी केसांचा हसरा कुत्रा, तीच "आमच्या लाडक्या पेशंटसोबत" ही ओळ. खाली प्रश्न: "हा नक्की कोणाचा पेशंट?" दोन्ही डॉक्टर एकमेकांना चांगले ओळखत होते, त्यामुळे बोलणं हसण्यावारी गेलं, आमची मात्र मान खाली. विकतच्या फोटोतला कुत्रा कोणाचाच पेशंट नव्हता, आणि ती ओळ सरळसरळ खोटी होती. मीच लिहिलेली. तेव्हापासून फोटो दवाखान्याचाच, मालकाची लेखी परवानगी घेऊन, मग तो थोडा अंधुक का असेना. टेबलाच्या कडेला पंजा टेकवून वजनकाट्याकडे संशयाने बघणारं मांजर विकतच्या फोटोत मिळत नाही.

या गोंधळानंतर डॉक्टरांनी मला कामाला लावलं. म्हणाल्या, "तुम्ही आठवडाभर एखाद्या दवाखान्याच्या काउंटरवर बसा. लिहायचं काही नाही, फक्त ऐकायचं." मी वही घेऊन बसलो. लिहायचं नव्हतं तरी लिहिलं. पहिल्या दोन दिवसांतच कळलं की आम्ही आजवर डॉक्टरांच्या डोक्यातून लेख काढत होतो, आणि लोक फोनवर भलतंच काही विचारत होते. "पाणी पितोय पण जेवत नाही, आणू की उद्या बघू?" "टाके चाटतोय, पट्टा घालायलाच पाहिजे का?" "नसबंदी केली की जाडी होते म्हणतात, खरंय का?" गोचिडांच्या चार अवस्था कोणीही विचारल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक फोन आला. काउंटरवरची मुलगी बोलत होती, मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. "सारखा शीच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय? कुंथतोय? बद्धकोष्ठ असेल. उद्या सकाळी साडेदहाची वेळ देऊ?" आतल्या खोलीतून त्या दवाखान्याचे डॉक्टर हातमोज्यांसह बाहेर आले. "बोका आहे का विचार." बोका होता. "लघवी होतेय का विचार." मालकाला सांगता येईना. "आत्ताच्या आत्ता आणायला सांग."

बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद. खडे किंवा चिकट गाळ अडकला की लघवी पूर्ण तुंबते, रक्तात पोटॅशियम वाढत जातं, हृदयाचे ठोके बिघडतात, आणि एक-दोन दिवसांत जनावर दगावू शकतं. मालकाला मात्र दिसतं एवढंच की बोका ट्रेमध्ये बसून कुंथतोय. त्याला ते बद्धकोष्ठच वाटणार. तो बोका वाचला. त्या रात्री आम्ही लेख लिहिला आणि शीर्षक फोनवरून जसंच्या तसं उचललं: "बोका सारखा ट्रेमध्ये बसतोय आणि काहीच होत नाही?" पहिल्याच ओळीत उत्तर: हा लेख नंतर वाचा, आधी दवाखान्याला फोन करा. आमचा आजवर सगळ्यात जास्त वाचला गेलेला मजकूर तोच. त्याहून महत्त्वाचं, त्याच मजकुराचं अर्ध्या पानाचं टिपण करून आम्ही काउंटरवर चिकटवायला दिलं: कोणत्या फोनला उद्याची वेळ द्यायची नाही. उलटीचा निष्फळ जोर करणारा, पोट फुगलेला मोठा कुत्रा. तोंड उघडं ठेवून श्वास घेणारं मांजर. जोर करूनही पिल्लू बाहेर न येणारी मादी. हे मार्केटिंग आहे का, असं एका डॉक्टरांनी विचारलं होतं. माझ्या मते याच्याइतकं मार्केटिंग दुसरं नाही.

ओळी तपासताना आमची भांडणं होतात ती बहुधा सुरावरून. मी एकदा लिहिलं होतं, "माणसांची वेदनाशामकं देण्यापूर्वी पशुवैद्यांचा सल्ला घेणं हिताचं ठरतं." डॉक्टरांनी पूर्ण वाक्य खोडून वर लिहिलं: "मांजराला पॅरासिटामॉल देऊ नका. अर्धीही नाही." मला ते उर्मट वाटलं. त्या म्हणाल्या, "मांजराच्या यकृताला ते औषध माणसासारखं निकामी करता येत नाही. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात. 'हिताचं ठरतं' वाचून कोण थांबतं?" वाक्य त्यांचं राहिलं. लिलीच्या फुलांचंही तसंच. फुलदाणीतलं पाणी प्यायलेल्या मांजराचंही मूत्रपिंड जाऊ शकतं, तिथे गोड लिहून चालत नाही. औषधाची मात्रा मात्र आम्ही कुठेच लिहीत नाही, कितीही मागणी आली तरी. "शहरातला सर्वोत्तम दवाखाना" असलंही लिहीत नाही. बऱ्याच देशांत व्यवसायाचे नियमच त्याला आड येतात, आणि जिथे येत नाहीत तिथेही वाचणारा हसतो.

आता घडलेली सगळ्यात वाईट गोष्ट सांगतो. लेखांच्या जोडीला आम्ही लसीच्या आठवणीचे संदेश पाठवायचं काम घेतलं. याचा उपयोग कोणत्याही पोस्टपेक्षा जास्त, कारण लोक लस टाळत नाहीत, विसरतात. दवाखान्याच्या संगणकातून यादी यायची, आमच्याकडून संदेश जायचे. संदेश मी मोठ्या हौसेने प्राण्याच्याच तोंडी लिहिले होते: "मी येतोय हं डॉक्टरकाकांना भेटायला! माझी लस राहिलीय!" एक दिवस उत्तर आलं. एकच ओळ. "तो मे महिन्यात गेला. तुमच्याच टेबलावर."

यादीत त्याचं नाव होतं, कारण संगणकात तो जिवंत होता. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती, कार्डावर नोंद झाली, संगणकात करायची राहिली. चूक त्यांची म्हणता आली असती. पण संदेश आमचा होता, आणि त्यातला तो 'हं' माझा होता. दवाखान्याच्या डॉक्टरांनी स्वतः त्या बाईंना फोन केला. मी बाजूला बसलो होतो. डॉक्टर काही फार बोलले नाहीत, बराच वेळ ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "ती रागावली नाही हो. त्याच्याबद्दलच बोलत होती."

त्यानंतर पद्धत बदलली. प्रत्येक यादी पाठवण्याआधी काउंटरवर परत जाते आणि तिथलं कोणीतरी ती डोळ्यांखालून घालतं. नाव वाचलं की त्यांना बरोबर आठवतं. त्यांच्या खिडकीवर दिवस संपताना भरायची एक वही असते, त्यात 'गेला' असा वेगळा रकाना. आणि प्राण्याच्या तोंडी काही लिहायचं बंद. संदेश आता साधा जातो, दवाखान्याच्या नावाने, "आता आमच्याकडे येत नसाल तर तेवढं कळवा" या ओळीसकट. थोडा कोरडा वाटतो. वाटू दे.

हल्ली गोचिडांवरचा लेख यंत्राकडून मिनिटभरात कोणीही लिहून घेतं, आणि तो आमच्या पहिल्या लेखाइतकाच बरा असतो. त्यामुळे नुसता आयता मजकूर मागणाऱ्यांना आम्ही सरळ सांगतो की त्यासाठी आमची गरज नाही. नवीन दवाखाना जोडला की आधी मी काउंटरवर बसतो, वही घेऊन. एका वस्तीत एकच दवाखाना घ्यायचा हा नियम आहे. त्यापायी कामं सोडली, त्यातली काही सोडताना जिवावर आलं.

एक मागणी वारंवार येते: प्राणी गेल्यावर मालकाला पाठवायच्या सांत्वनपत्राचा नमुना. पंचवीस-तीस नमुने आम्ही सहज लिहू शकतो. ते लिहीत नाही. डॉक्टरांना आम्ही जाड कागदाची कोरी कार्डं पाठवतो, पाकिटांसकट. मागे एकांनी कुरकुर केली, की लिहायचं काय ते तरी सांगा. आमच्या डॉक्टर म्हणाल्या, "त्याचं नाव लिहा. आणि तो टेबलावर कसा वागायचा ते लिहा." आठवडाभराने त्यांचा फोन आला, आणखी कार्डं पाठवा म्हणून.