नोंदवहीतला कोरा रकाना

२०२४ च्या विधानसभेला माझी ड्यूटी मतदान केंद्रावर लागली नाही. शाळेतून बोलावलं ते सांगलीला, टीव्हीसमोर बसायला. माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीचं काम. सगळे नुसतं एमसीएमसी म्हणतात.

लोकल केबलवर कोण किती मिनिटं दिसलं ते लिहायचं. राजकीय जाहिरात लागली की प्रमाणपत्र तपासायचं, कारण २००४ मधल्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशापासून टीव्हीवरची राजकीय जाहिरात आधी प्रमाणित करून घ्यावी लागते. बातमीला तसं बंधन नाही. ती पैसे देऊन लावल्याचा संशय आला तर वर कळवायचं. मग प्रसारणापासून ९६ तासांत उमेदवाराला नोटीस जाते, ४८ तासांत त्यानं खुलासा द्यायचा; तो पटला नाही तर रक्कम त्याच्या निवडणूक खर्चात धरतात.

त्या दिवशी सकाळी एका चॅनेलवर एकाच उमेदवाराची मुलाखत तिसऱ्यांदा लागली होती. प्रश्न सगळे कौतुकाचे. मी वेळ लिहिली, अहवाल वर पाठवला. काम नीट केल्याचं समाधान होतं.

दुपारी एक अपक्ष उमेदवार बाई खर्चाची वही घेऊन आल्या. दारातच विचारलं, "गुरुजी, टीव्हीवर मला किती मिनिटं मिळाली?"

साहेबांना विचारून नोंदवही उघडली. त्यांच्या नावापुढचा रकाना नऊ दिवस कोरा.

"ह्याची तक्रार कुठं करायची?"

मला उत्तर देता येईना. ज्याला जास्त दाखवलं त्याच्यासाठी नोटीस आहे, मुदत आहे. ज्याला दाखवलंच नाही त्याच्यासाठी माझ्या टेबलावर एकही कागद नव्हता. आकाशवाणी-दूरदर्शनवर १९९८ पासून मोफत वेळ मिळतो. सगळ्यांना सारखा मूळ वेळ, त्यावर मागच्या निवडणुकीतल्या कामगिरीप्रमाणे जादा. पण तो राष्ट्रीय आणि मान्यताप्राप्त राज्य पक्षांना. हे सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "म्हंजे ज्यास्नी लोक आधीच वळखत्यात, त्यास्नीच."

बातमीत कुणाला घ्यायचं हे सरकारी माणसानं चॅनेलला सांगावं, असं मला अजूनही वाटत नाही. आज तो अपक्षाची बाजू घेईल, उद्या सत्तेतल्यांची. पण आपण मोजतो आणि मोजलेलं लोकांना दिसत नाही, हे मला फार लागलं. कुणाला किती वेळ मिळाला याचा तक्ता रोज बाहेर फळ्यावर लावला, तर कुठल्या संपादकाचं स्वातंत्र्य जातं?

मी साहेबांना तसं म्हणालो. ते म्हणाले, "फळ्याचं आपल्या हातात नाही, गुरुजी. नोंद मात्र आहे."

संध्याकाळी उशिरापर्यंत बसलो. जे एकदाही दिसले नव्हते अशा प्रत्येक उमेदवारापुढं, दर दिवसाच्या रकान्यात, शाईनं शून्य लिहिलं. दुसऱ्या दिवशीचा अहवाल त्या शून्यांसकट वर गेला.