पावसाच्या कोकणात मक्याचं पाणी मोजायचं कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या कोकणात मक्याच्या पाण्यासाठी संगणकावरचं पीक-मॉडेल कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण हा पाऊस पडतो जून ते सप्टेंबरात. भात कापून डिसेंबरात मका टोकला, की सगळी भिस्त विहिरीवर. तिचं पाणी कधी आणि किती द्यायचं, ते मॉडेल सांगतं. त्यात मातीची माहिती खरी भरलेली असेल तरच.

घोटाळा तिथेच होतो. ॲक्वाक्रॉप असो वा डीसॅट, ही पीक-मॉडेलं चालवताना मातीच्या माहितीची तयार फाइल उचलली की मुळं अगदी दीड मीटर खाली गेली असंही धरलं जाऊ शकतं. आपल्याकडे कित्येक ठिकाणी 45 सेंटीमीटरवर जांभा खडक लागतो. वर भाताच्या चिखलणीने 20 सेंटीमीटरच्या आसपास थर घट्ट झालेला असतो, तो वेगळाच. हिशोब करून बघा. पिकाला मिळू शकणारं पाणी मातीच्या आकारमानाच्या 10 टक्के धरलं, तर 45 सेंटीमीटरात 45 मिलिमीटर. त्यातलं 55 टक्के, म्हणजे सुमारे 25 मिलिमीटर, मका ताण न बसता उचलतो. ऐन वाढीत रोजची गरज 5 मिलिमीटर धरा: पाचव्या दिवशी पाणी द्यायलाच हवं. दीड मीटरच्या फाइलवर हीच पाळी सोळा दिवसांवर जाते आणि शेतात पानं गुंडाळलेली दिसतात. (1 मिलिमीटर म्हणजे गुंठ्याला साधारण 100 लिटर.)

म्हणून आपली माती किती खोल आहे आणि किती पाणी धरते ते बघायला खड्डा खणा. माती भिजवून प्लास्टिकने झाका, दोन दिवसांनी नमुना काढा, 105 अंशांवर 24 तास वाळवा. येणारा आकडा वजनाचा असतो. त्याला मातीच्या घनतेने गुणायला विसरतात. जांभ्याचे खडे जेवढी जागा खातात तेवढी वजा करायलाही.

मग मॉडेलचे आकडे शेताशी जुळवा: आधी तुरा आणि कणसाचे केस येण्याच्या तारखा, नंतर पानांचा पसारा, उत्पादन शेवटी. मधुमका असेल तर ओल्या कणसांचं वजन ताडून बघू नका, मॉडेल सहसा कोरडं वजन देतं.

एवढं जमलं की एकेक पाळी वगळून मॉडेल चालवा. गुडघाभर पिकातली पाळी चुकली तर घट किती, तुऱ्यावरची चुकली तर किती, ते समोर येतं. विहिरीत दोनच पाळ्यांचं पाणी उरलं असेल, तर तुरा ते केस या दिवसांसाठी ते राखा.