कुत्रा, मांजर, इतर

आमची बदक रंगी आता अंगणात नीट चालते, नराला चोचीने ढोसते, सगळं पूर्ववत आहे. पण दवाखान्याच्या त्या बाकावरचे तीन तास आठवले की माझं डोकं अजून सणकतं.

झालं ते असं. पहाटे एक कुत्रा कुंपणाखालची माती उकरून आत शिरला. मी धावत गेले तेव्हा त्याने रंगीला शेपटीच्या जरा वर धरलं होतं. हातातला खराटा फेकून मारल्यावर सोडून पळाला. नर घोगऱ्या आवाजात ओरडत गोलगोल फिरत होता, रंगी मात्र गप्प. बदकांमध्ये मोठा आवाज मादीचा असतो आणि आमची तर दिवसभर बोलणारी. ती गप्प बसलेली बघून माझ्या पोटात गोळा आला.

खोक्यात जुना टॉवेल, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एकाच बाजूला (फार ऊब झाली तर तिला सरकता यावं म्हणून), वरून कापड टाकून अंधार. बदकाचं अंग मुळातच ४१-४२ अंशांचं असतं, त्यामुळे ते हाताला गरम लागलं तरी धक्क्यातल्या बदकाला ऊब द्यायचीच. घरातले चमच्याने पाणी पाजायला निघाले होते, त्यांना थांबवलं. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं, पाणी सरळ आत जाऊ शकतं. पुढ्यात वाटी ठेवायची, प्यायचं तर तिचं ती पिते.

पिसं बाजूला करून पाहिलं तर चार भोकं. बस, चारच! मला हायसं वाटलं, आणि तिथेच मी फसले.

पहिल्या दवाखान्यात फोन केला तर म्हणाले, आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो. दुसरीकडे विचारलं, "पाळलेलं आहे की खायचं?" मी फोन आपटला. तिसरीकडे "घेऊन या" म्हणाले.

गेले. काउंटरवरच्या बाईंनी केसपेपर पुढे सरकवला. त्यावर तीन चौकोन: कुत्रा, मांजर, इतर. मी ‘इतर’वर खूण केली. खाली ‘जात’, ‘लसीकरणाची तारीख’, ‘चावतो का’. शेवटच्या रकान्यात मी लिहिलं, ‘हिला चावला आहे.’ बाईंनी वाचलं, हसल्या नाहीत. "बसा, नंबर येईल."

बसायचं कुठे, तर एका लांब बाकावर, दोन्ही बाजूंना कुत्री. नुकतीच कुत्र्याच्या जबड्यातून सुटलेली बदक माझ्या मांडीवर खोक्यात, आणि डावीकडे एक धिप्पाड कुत्रा त्या खोक्याला नाक लावून हुंगतोय. मालक कौतुकाने म्हणतात, "काही करणार नाही तो." कोणी भुंकलं की आतून टॉवेलवर नखं खरवडल्याचा आवाज यायचा, मग एकदम शांत. ती शांतता मला जास्त छळत होती. दर पाच मिनिटांनी कापडाची कड उचलून मी बघायचे, जिवंत आहे ना. चोच किंचित उघडी, मानेखालचं अंग भराभर हलतंय.

काउंटरवर गेले. "आम्ही बाहेर थांबू का?" तर म्हणे नंबर पुकारला आणि तुम्ही नसलात तर शेवटी जावं लागेल. "अहो, रक्त येतंय." "सगळ्यांनाच काही ना काही झालंय, मॅडम." तेही खरंच होतं म्हणा, पण समोर एक पामेरियन नखं कापून घ्यायला आलं होतं! त्याचा नंबर माझ्या आधी. तासाभराने मी परत गेले तर बाई म्हणाल्या, "इतरचे पेपर डॉक्टर शेवटी बघतात." म्हणजे नंबर असा नव्हताच! हे आधी सांगितलं असतं तर मी पायरीवर सावलीत तरी बसले असते. शेवटी कुणालाही न विचारता बाहेर जाऊन बसले आणि दर दहा मिनिटांनी दारातून डोकावत राहिले. तुम्ही फोनवरच विचारा: पक्षी कधी बघता, बाहेर थांबलं तर मोबाइलवर बोलावाल का. आणि ‘बदक आहे’ एवढंच सांगू नका. ‘कुत्र्याने चावलेली बदक आहे, धक्क्यात आहे’ असं सांगा.

डॉक्टर मात्र भले निघाले. कंपाउंडरने रंगीला छातीशी घट्ट आवळलं तसे ते ओरडले, "सोड, गुदमरेल ती!" पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोटामधला पडदा) नसतं, छातीचं हाड खालीवर झालं तरच हवा आत येते. म्हणून धरताना पंख अंगाशी दाबायचे, छाती मोकळी ठेवायची. पट्टीही घट्ट नको.

मग त्यांनी भोकांभोवतीची पिसं कापली, आणि माझी ‘चारच भोकं’ उघडी पडली. कातडी खालच्या मांसापासून तळहाताएवढी सुटली होती. कुत्रा धरून हलवतो तेव्हा असंच होतं, वरून दाताची खूण आणि आत पिशवी. टाके घातले नाहीत, कारण जखमेचं तोंड शिवलं तर घाण आत कोंडते. धुतलं, दुखण्याचं आणि जंतूंचं औषध वजनावर काढून दिलं. माणसांचं वेदनाशामक मनाने देऊ नका, जखमेवर बधिर करणारं मलमही लावू नका, पक्ष्यांना ते बाधू शकतं.

पुढचे पंधरा दिवस बाथरूममध्ये गेले. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, सुई काढलेल्या सिरिंजने दिवसातून दोनदा धुणं. पू वाहील म्हणून मी वाट बघत होते. पक्ष्यांचा पू वाहत नाही, ओल्या खडूसारखा घट्ट होतो, तो डॉक्टरांनीच काढला. (दुसऱ्या खेपेला मी दवाखाना उघडायच्या आधी दारात हजर.) माश्यांना जपा. जखमेच्या कडेला पिवळट दाण्यांचा पुंजका दिसला तर ती अंडी असतात, दिवसभरात अळ्या होतात. आम्ही खिडकीला जाळी ठोकली.

तिसऱ्या दिवशी विष्ठा गर्द हिरवी आली. पोटात अन्न नाही, नुसतं पित्त. रोज वजन करायचे, काटा खालीच. काही केल्या खाईना. शेवटी नराला आणून जाळीपलीकडे बसवलं. त्याने चोच बुडवून फुर्र केलं आणि दहा मिनिटांत हिनेही वाटीत चोच घातली. एकटं ठेवू नका, हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पोहायला मात्र जखम भरेपर्यंत नाही, फक्त नाकपुड्या बुडतील एवढं खोल पाणी. उपटलेली पिसं लवकर फुटली, कात्रीने कापलेली अजून तशीच खुंटं आहेत, ती पुढच्या पिसझडीलाच जातील.

हां, आणि कुंपण त्याच दिवशी दुरुस्त करा. कुत्रा दुसऱ्या पहाटे परत आला होता. जाळी आता जमिनीत हातभर पुरली आहे.

एक गोष्ट विचारायची राहिली होती. औषध संपल्यावर चार दिवसांनी रंगीने अंडं घातलं. ते खायचं का? औषधाचा अंश अंड्यात उतरतो. ‘पाळलेलं की खायचं’ या प्रश्नामागे हेच होतं, हे मला तेव्हा उमगलं. ती घरात होती तेवढ्या दिवसांत तिला मांडीवर बसायची सवय लागली होती. तशीच तिला घेऊन दवाखान्यात फोन लावला, स्पीकरवर. काउंटरच्या बाईंनी "थांबा हं" म्हणून रिसीव्हर बाजूला ठेवला. मागे दोन-तीन कुत्री भुंकत होती. रंगीने मान ताठ केली, एक डोळा फोनवर रोखला आणि नखं माझ्या मांडीत रुतवली. मी फोन बंद केला. अंडं खड्ड्यात पुरलं.